न विचारलेला प्रश्न

परमुलखी बदली होऊन आलेल्या माणसास पहिल्या दिवसापासून उत्तरे द्यावी लागतात. मूळ गाव कोणते, आडनाव काय, घरात मांसमच्छी शिजते काय? घरमालकाच्या या तिसऱ्या प्रश्नाआड कोणता चौथा प्रश्न दडलेला असतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. बंगळूरच्या गांधीनगरात मात्र एक वास्तू अशी आहे की, तेथे पादत्राणे तेवढी बाहेर ठेवावी लागतात. श्रद्धेची झडती होत नाही. महाबोधी सोसायटीचा हा विहार आचार्य बुद्धरक्खितांनी १९५६ साली स्थापिला. मणिपुरात जन्मलेले हे भिक्षू रंगूनच्या सहाव्या संगायनेच्या संपादनकार्यात सहभागी होऊन आले होते. २०१३ साली ते निवर्तले. मॅजेस्टिकच्या गर्दीतून वाट काढीत आम्ही तेथे जातो, बोधिवृक्षाखाली घटकाभर बसतो, ईशान्येकडून शिकावयास आलेल्या काषायधारी मुलांचे पाली पठण ऐकतो, आणि आलो तसे परततो.

आलो तसे परततो, हीच आमची अडचण. ज्या श्रद्धेच्या बळावर ते घर उभे आहे, ती आम्ही मानीत नाही. तिच्या सावलीचा उपभोग तेवढा घेतो. हा अप्रामाणिकपणा नव्हे काय? आणि ‘तुम्ही कोण’ असे न विचारणारा यजमान उदार म्हणावा की उदासीन?

यजमानाच्या बाजूने मज्झिमनिकायातील उपालीची कथा पाहण्यासारखी आहे. हा निगंठांचा धनिक उपासक वाद करावयास आला आणि बुद्धाचा अनुयायी झाला. तेव्हा बुद्धाने त्यास प्रथम सांगितले की, घाई करू नकोस. नंतर सांगितले की, तुझ्या दाराशी आजवर भिक्षा मिळत आलेल्या निगंठांना ती यापुढेही मिळू दे. ज्यास स्वतःचे मत ठाम आहे, त्यानेच हे म्हटले आहे. तेव्हा न विचारणे म्हणजे मत नसणे, असे समजण्याचे कारण नाही.

अशोकाचा बारावा शिलालेखही हेच सांगतो: आपल्या पंथाची अवेळी स्तुती नको, परक्याची निंदा नको, वाणीस आवर हवा. पंढरपुरावरून वाहत येणाऱ्या भीमेच्याच काठी, कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीस, १९८६ साली चंद्रलांबेच्या आवारातील काली मंदिराचे छत कोसळले, आणि हाच लेख असलेली शिळा देवीच्या बैठकीखाली आढळली. मूर्ती बसविण्यासाठी अक्षरांच्या मधोमध खाच पाडलेली! परमताचा आदर शिकविणाऱ्या शब्दांवर दुसऱ्या मताची देवता शतकानुशतके उभी होती. यास अवहेलना म्हणावे की आतिथ्य, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही.

पाहुण्याची बाजू मात्र इतकी सोपी नाही. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपी गेले ते विद्योदय विद्यालयात श्रामणेर होऊन राहिले. घटकाभर बसून परतले नाहीत. आणि गांधीनगरचा विहार ज्या वर्षी उभा राहिला, त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमवेत लाखो मराठी माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला. आमच्या गावोगावी विहार झाले, ते या घटनेमुळे. त्यांपैकी किती विहारांत आम्ही पाऊल टाकले आहे?

येथे आमचे पितळ उघडे पडते. बंगळूरच्या विहारात ध्यानास बसण्यात आम्हांस एक प्रकारची सुसंस्कृतता वाटते. परतल्यावर चहाच्या वेळी त्याचा उल्लेखही होतो. गावच्या विहाराचा उल्लेख होत नाही. बुद्ध तोच, त्रिशरण तेच. भेद एवढाच की, तेथे बसलेल्यांस आमचे आडनाव ठाऊक आहे आणि आम्हांस त्यांचे. या अंकाच्या वाचकांत असेही असतील की, ज्यांचे बालपण त्या विहाराच्या अंगणात गेले, आणि येथील मराठी मंडळीत ओळख करून देताना ज्यांना आडनावापाशी क्षणभर थबकावे लागते. तो क्षण त्यांच्यावर आणणारे आम्हीच.

गेल्या दिवाळीत गावी गेलो असता एस. टी.च्या थांब्यावरून घराकडे येताना विहाराचे दार उघडे दिसले. आत दिवा होता, कोणी वृद्ध बाई झाडून घेत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिले आणि ‘या’ म्हटले. सामान हातात आहे, अशी सबब सांगून आम्ही पुढे निघालो. सामान म्हणजे एक पिशवी होती.