क्षण नसलेले निर्वासित

सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर निपचित पडलेल्या आलान कुर्दी या बालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि युरोपातील लोकमत, काही काळ तरी, निर्वासितांकडे झुकले. छायाचित्र नैतिक भूमिका निर्माण करीत नाही, असलेल्या वा अंकुरणाऱ्या भूमिकेला बळ देते, असे सुसान सोंटाग यांनी १९७७ मध्ये मांडले होते. मला हे अपुरे वाटते. छायाचित्राला भूमिकेआधी क्षण लागतो. आपल्याकडे याचा पडताळा पानशेतला मिळतो. १२ जुलै १९६१ रोजी तेथील धरण फुटले; बुडालेल्या पुण्याच्या छायाचित्रांनी ‘पूरग्रस्त’ या शब्दाला चेहरा दिला. पण त्याच धरणासाठी आंबी नदीच्या खोऱ्यातून ज्यांना उठावे लागले, त्या ‘धरणग्रस्तां’चे काय? त्यांच्याकडे पाणी लोंढ्याने आले नाही, चढत गेले. मोजणी, मोबदला, स्थलांतर यांतला कोणता क्षण टिपायचा? धरण पुन्हा उभे राहिले. आज त्या जलाशयाची छायाचित्रे विपुल आहेत (बहुतेक सहलीची). बुडालेली शिवारे त्या प्रत्येकात आहेतच, आणि आपण त्याला ‘रम्य’ म्हणतो. याला निव्वळ अज्ञान म्हणवत नाही. पाहणाऱ्या पुणेकराच्या नळाला पाणी याच खोऱ्यातून येते.