गेलेल्यांची कमाई आणि आमची साक्ष

मुलाने पदवीसाठी इतिहास हा विषय घ्यावा की नाही, असा प्रश्न दरवर्षी जूनच्या सुमारास सेनगावात नमाजनंतर हमखास विचारला जातो. पोटापाण्याची चिंता त्यात असतेच आणि ती रास्तही आहे. परंतु खरी शंका दबक्या आवाजात येते: ‘‘मौलाना, त्या पुस्तकांत माणूस वानरापासून झाला असे लिहिले आहे आणि पुढच्या धड्यांत आपल्या बादशहांचे जुलूम आहेत. पोराच्या ईमानाचे काय?’’ ही एक शंका नाही, दोन आहेत. दुसरी पहिलीपेक्षा कठीण आहे.

अश्मयुगाची भीती बाळगण्याचे कारण नाही. सूरह अन्कबूतच्या विसाव्या आयतीत धरतीवर हिंडून निर्मितीचा आरंभ कसा झाला ते पाहण्याची आज्ञा आहे. विश्व किती वर्षांपूर्वी निर्माण झाले, याचा आकडा दिव्य कुरआनने दिलेला नाही. सतराव्या शतकात आयर्लंडमधील अशर नावाच्या धर्मगुरूने सृष्टीचे वर्ष इसवी सनापूर्वी 4004 असे ठरवले होते. ते गणित सांभाळण्याचे ओझे आपल्यावर नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले, तेव्हा घरांच्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईबापांनी आपले लेकरू घराबाहेर जाऊ दिले नाही. हे वाचून कोणाचे ईमान कमी होईल, असे मला वाटत नाही. उत्क्रांतीचे प्रतिपादनही विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावे. त्यात पुरावा कोणता आणि अनुमान कोणते, हे निवडावे. हजरत आदम (अलै.) यांच्याविषयीची आपली श्रद्धा खोदकामातून आलेली नाही, म्हणून खोदकामाने ती जाणारही नाही.

आता बादशहांविषयी. सूरह बकराच्या 134 आणि 141 या दोन आयतींत एकच गोष्ट त्याच शब्दांत सांगितली आहे. तिचा आशय असा की, तो समुदाय होऊन गेला. त्याची कमाई त्याच्यापाशी, तुमची तुमच्यापाशी, आणि त्यांच्या कृत्यांचा जाब तुम्हाला विचारला जाणार नाही. आपल्या घरांत या आदेशाचा अर्धाच भाग वापरात आहे. मलिक अंबरची नहर किंवा विजापूरचा गोल घुमट यांचा विषय निघाला की ती ‘आपली’ कामगिरी होते. मंदिर पाडल्याची किंवा लुटीची गोष्ट निघाली की ‘ते राजकारण होते, आपला काय संबंध?’ संबंध नसेल तर दोन्हींशी नाही. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीतील लोकांना दौलताबादेस हलवले, तेव्हा त्या वाटेवर हाल सोसणाऱ्यांत उलमा आणि सूफीही होते. राजाला राज्य हवे असते. कलमा वाचणाऱ्यांचीही त्याने गय केली नाही.

मग जाब विचारला जाणार नसेल, तर शिकायचे तरी कशासाठी? माझे मत असे आहे की, त्यांनी काय केले हे आपल्याला विचारले जाणार नाही. त्यांच्याविषयी आपण काय बोललो, हे मात्र विचारले जाईल. सूरह निसाची 135 वी आयत स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध जात असली तरी न्यायाची साक्ष देण्यास सांगते आणि सूरह माइदाची आठवी आयत एखाद्या समुदायाच्या शत्रुत्वापायी अन्याय करण्यास मना करते. इतिहास लिहिणारा साक्षीदारच असतो. आपल्या जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या मंदिराविषयी ते औरंगजेबाच्या काळात पाडले गेले, असे इकडे सांगितले जाते. मुस्लिम विद्यार्थ्याने ते ऐकून रागावू नये आणि मान खालीही घालू नये. शिलालेख काय सांगतो, कागद कोणता, कोणी कधी लिहिला, हे विचारावे आणि जे निघेल ते लिहावे. हदीसच्या विद्वानांनी रावी पारखूनच रिवायत घेतली. इब्न खल्दून यांनी 1377 मध्ये ‘मुकद्दमा’ लिहिताना हजरत मूसा (अलै.) यांच्या सैन्यात सहा लाखांहून अधिक लढवय्ये असल्याचा जुना आकडा नाकारला, एवढी फौज रणात उभी तरी कशी राहील, असा त्यांचा साधा सवाल होता. आकडा आपल्याकडच्याच इतिहासकाराने, मसऊदींनी, दिला म्हणून त्यांनी तो सोडून दिला नाही.

या कसोटीला सर्वांत अवघड प्रकरण मात्र आपल्याच अंगणातले आहे. आपली मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, त्याची स्थापना 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी झाली आणि त्याला निजामाच्या तुरुंगात राहिलेल्या स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. 1948 पूर्वी रझाकारांनी हिंदू गावांवर जे अत्याचार केले, ते खरे आहेत. पोलीस अ‍ॅक्शननंतर मुसलमानांवर जे गुदरले, तेही खरे आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यात फिरून मृतांचा अंदाज किमान 27 ते 40 हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागल्याचे नोंदवले. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. आपल्या मोहल्ल्यांत दुसरी गोष्ट कुजबुजत सांगितली जाते आणि पहिलीचा उच्चार होत नाही. बाहेर 17 सप्टेंबरच्या भाषणांत नेमके उलटे घडते. शेजाऱ्याला प्राण धोक्यात घालून लपवणारे हिंदूही त्या अहवालात आहेत, त्यांची आठवण तर कोणीच काढत नाही.

त्या वेळी दहा वर्षांची असलेली मंडळी आज नव्वदीकडे झुकली आहेत. सेनगाव, हिंगोली, जिंतूर भागातल्या ज्या मुलामुलींनी यंदा इतिहास घेतला असेल, त्यांनी या सुट्टीत वही घेऊन त्यांच्याकडे जावे. आपल्या मोहल्ल्यात जावे आणि पलीकडच्या गल्लीतही जावे. सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, ऐकले तर कोणाकडून, हे प्रत्येक ओळीपुढे लिहावे.