दिवा हिरवा होईपर्यंत

लाइट गेली होती, आता आली आहे. पंखा फिरू लागला. राउटरचे दिवे मात्र एकेक करून लागत आहेत. फोन बाजूला ठेवा. श्वास आपल्या लयीत चालू द्या आणि थोडा वेळ नुसतं त्या दिव्यांकडे बघा.

एक दिवा स्थिर झाला. फायबरमधून उजेड पोचला. इंटरनेटचा दिवा अजून बंद आहे, कारण पलीकडे कोण आहे हे राउटरला ठाऊक नाही. तो हाक मारतो, 'कुणी आहे का?' आणि पलीकडून ओ येते. १९९९ साली मांडलेल्या पीपीपीओई पद्धतीत प्रत्येक जोडणी अशी हाकेने सुरू होते. ती हाक मनात ऐका. मग ती ओ.

आता ओळख पटवायची आहे. चॅप नावाच्या रीतीत पलीकडचा पासवर्ड मागत नाही. तो दर वेळी नवा, कुणाला आधी ओळखता न येणारा आकडा पाठवतो. राउटर त्यात आपला पासवर्ड मिसळून गणित करतो आणि फक्त उत्तर धाडतो. पलीकडेही तेच गणित होतं. उत्तरं जुळली की दार उघडतं. गुपित मात्र वाटेवर कधी येत नाही. इथे जरा थांबा. खरेपणा पटवण्यासाठी आपण किती वेळा नको तेवढं सांगून बसलो?

दिवा हिरवा झाला. घराला बाहेरचा एक पत्ता मिळाला. ३२ बिटांचे हे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. ते पुरणार नाहीत हे आधीच दिसत होतं, म्हणून १९९४ मध्ये नॅटची रीत लिहिली गेली: वाड्याचा नंबर एक, आत बिऱ्हाडं अनेक. पुष्कळदा इंटरनेट कंपनीही एकच पत्ता कितीतरी घरांना मिळून देते. आपण कधीही न पाहिलेली माणसं आपल्याच पत्त्यावर नांदत असतात.

आईच्या फोनवर अभंग लागला. ताईच्या लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली. आत फोन १९२.१६८.१.५, लॅपटॉप १९२.१६८.१.७. बाहेर जाताना दोघांवर पत्ता तोच, पण पोर्ट क्रमांक वेगळा. समजा, फोनचा ४०००१, लॅपटॉपचा ४०००२. राउटर आपल्या वहीत दोन ओळी लिहितो. उत्तर आलं की ओळ बघतो: ४०००१, म्हणजे आईचं. अभंग मीटिंगमध्ये शिरत नाही.

बोलणं संपून काही काळ शांतता राहिली की ती ओळ पुसली जाते. जागा पुढच्यासाठी मोकळी होते. मघाशी लाइट गेली तेव्हा तर अख्खी वही कोरी झाली होती. राउटरने कुरकुर केली नाही, पुन्हा हाकेपासून सुरुवात केली.

आता डोळे मिटा. एका पत्त्यावर अनेकांना सुखाने राहता येतं, कारण कुणाचं काय हे कुणीतरी लक्षात ठेवतं. या घरातही तशी एक वही आहे. कुणाचा चहा बिनसाखरेचा, कुणाची गोळी रात्री नऊची, कोण अजून घरी यायचं आहे. ती वही ज्यांच्या मनात आहे, त्यांचा चेहरा समोर आणा. त्यांच्यासाठी आज कोण लक्षात ठेवतंय?