एका बाजूला मावेल तेवढं

सध्या माझ्या टर्नटेबलवर आळीपाळीनं तीन आवाज फिरताहेत. केसरबाई केरकर, अब्दुल करीम खाँ आणि अमीर खाँ. पहिल्या दोघांच्या लाखेच्या जुन्या ७८ च्या रेकॉर्डी आहेत, तिसऱ्यांची एल.पी. लाखेच्या रेकॉर्डीचं सगळं वेगळं. तिच्या खाचा रुंद, त्यामुळे एल.पी.ची बारीक सुई तिला चालत नाही. पुसायला स्पिरिट घ्यायचं नाही, लाख विरघळते. एवढं सांभाळून सुई ठेवली, की दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते.

जो राग बैठकीत तासभर उलगडायचा, त्याला तीन मिनिटं. म्हणूनच जुनी जाणती मंडळी म्हणत, खरं गाणं बैठकीत. रेकॉर्डवर नुसता तुकडा. बैठकीचा रंग तबकडीवर उतरत नाही हे मलाही पटतं. पण रोज ऐकता ऐकता वाटू लागलंय, की या तबकड्यांत बैठक शोधायचीच नाही. तिथं दुसरंच काही तरी जपलेलं आहे. हातात एवढाच वेळ असताना या गायकानं काय सांगायचं ठरवलं आणि काय गाळलं, हे बैठकीत कधीच इतकं स्वच्छ दिसत नाही.

केसरबाईंची भैरवी घ्या. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, जयपूर घराण्याच्या पेचदार ताना, अखंड दमसास. हे सगळं साडेतीन मिनिटांत दाखवून टाकायचा मोह किती झाला असेल! पण त्या घाई करत नाहीत. आवाज पहिल्यापासून मोकळा, भरदार. ताना येतात आणि आपला ऐवज पुरा करून समेवर परततात. कुठंही कोंबल्यासारखं वाटत नाही. हीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, सोबत सुई आणि कार्ट्रिज, आणि ती कशी वाजवायची याच्या खुणा वेष्टणावर कोरलेल्या. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. पृथ्वीच्या वतीनं पाठवलेल्या भारतीय संगीताचा तो एकमेव नमुना. एकच धाडायचा होता तर हाच योग्य होता, असं मी ठामपणे म्हणेन.

अब्दुल करीम खाँसाहेबांचं ठरवणं अगदी निराळं. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकताना लक्षात येतं, की ते काही भरायला जातच नाहीत. एकेका स्वरावर जीव लावून थांबतात. तीन मिनिटं हातात असताना स्वरावर थांबायचं, यालाही धैर्य लागतं. गदगमध्ये लहानग्या भीमसेन जोशींच्या कानावर हीच ठुमरी रेकॉर्डवरून पडली आणि असं गाणं शिकायचंच म्हणून ते घर सोडून निघाले. तेव्हा त्यांच्यासमोर ना बैठक होती, ना खाँसाहेब. जे काही होतं ते त्या एका बाजूवर मावलेलं होतं, आणि तेवढं पुरलं.

ही काटकसर आपल्याकडे प्रथम ज्यांनी साधली त्यांत गौहर जानचं नाव फार वरचं. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात तिचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना कोण गातंय हे कळावं म्हणून. पण तिच्या तोंडी ती नुसती नोंद राहत नाही. वेळेत सारं बसवून, वर नाव सांगण्यापुरती जागाही राखल्याचा ताठा त्यात मला ऐकू येतो.

आणि मग अल्लादिया खाँसाहेब. १९४६ साली ते गेले, म्हणजे तोवर रेकॉर्डचा जमाना चांगला चार दशकांचा झालेला होता. त्यांच्या शिष्यांनी रेकॉर्डी दिल्या, त्यांनी स्वतः एकही नाही. तो त्यांचा अधिकार होता, हे मान्य. तरी केसरबाईंची तान ऐकताना मन दरवेळी मागं जातं: ही तान मुळात कशी असेल? त्याच घराण्यातल्या मोगूबाई कुर्डीकरांमधून थोडं, मल्लिकार्जुन मन्सूरांमधून थोडं, असं जोडत राहावं लागतं. या उणिवेचं मला खरोखर दुःख आहे. तीन मिनिटंसुद्धा नाहीत म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

एल.पी. १९४८ साली अमेरिकेत बाजारात आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. अमीर खाँसाहेबांच्या एल.पी.वर एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. वेळ वाढला म्हणून त्यांनी वस्तू वाढवल्या नाहीत. वाढीव वेळ बहुतेक विलंबिताला दिला. झुमऱ्याची ती संथ आवर्तनं, षड्जाला टाळत, त्याच्या भोवती रेंगाळणारा मारवा. ज्या रागाचा स्वभावच घर न गाठण्याचा, त्याला अशीच ऐसपैस बाजू हवी होती. तीन मिनिटांत मारवा गाता येतो, पण ती हुरहूर इतकी आत शिरायला वेळ मिळत नाही. दरबारीकडे मी लगेच वळत नाही. दोन्ही बाजू एका बैठकीत ऐकल्या तर मारव्याचा परिणाम पुसला जातो, असं माझं मत आहे.

उद्यापासून हिराबाई बडोदेकर लावणार आहे, ७८ च्याच. वडिलांची, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांची, झिंझोटी कानात ताजी आहे तोवर लेकीचा आवाज ऐकायचा आहे. स्वर तसाच जीव लावून घेणारा. तेवढ्याच तीन मिनिटांत हिराबाईंनी कशाला जागा दिली, ते बघायचं आहे.