सोसणं हा धर्म नव्हे

कीर्तनाच्या उत्तररंगात मी संत बहिणाबाईंचं आख्यान लावते. सतराव्या शतकातली ही तुकोबांची शिष्या. भक्तीवरून नवऱ्याने तिला मारलं, बांधून ठेवलं; पुढे आजारपणात तो वरमला. इथे श्रोते सुखावतात आणि मला धास्ती वाटते. समोरची एखादी मनात म्हणेल, ‘सोसत राहिले तर माझाही सुधारेल.’

पण घरातला छळ बहुधा असा वाढत जातो: आधी संशय, मग माहेरचा फोन बंद, मग थप्पड, मग गळ्यावर हात. गळा एकदा आवळला की पुढे खुनाचा धोका कैक पटींनी वाढतो. बाई घर सोडायला निघते तेव्हाही तो वाढतो. क्षमा पश्चात्तापाला असते, पकडीला नव्हे.

म्हणून आरतीआधी मी २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक सांगते. कीर्तनात कायदा कशाला, असं कुणी विचारतं. नाम घ्यायला देह आधी जिवंत हवा.