यंत्राची साक्ष

संगणकांत व मोबाइलमध्यें उरलेल्या खुणांवरून गुन्ह्याचा माग काढणारें डिजिटल न्यायसहायक विज्ञान आतां महाविद्यालयांतून शिकविलें जातें. नवशिक्या विद्यार्थ्यास प्रथम काय शिकवावें, असें आमच्या एका तरुण सहकाऱ्यानें विचारलें. पुसलेली फाइल परत मिळविण्याची युक्ति शिकवावी, असें कोणीहि म्हणेल. फाइल पुसली म्हणजे बहुधा तिची नोंदच तेवढी जाते. मजकूर, त्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत, राहूं शकतो. हें कळलें कीं विद्यार्थी हरखून जातो. तथापि पहिला धडा हा नव्हे, असें आम्हांस वाटतें.

2011 सालीं अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत एका मातेवर अपत्यहत्येचा खटला चालला. तिच्या घरच्या संगणकावर क्लोरोफॉर्मविषयींचें एक पान 84 वेळां उघडलें गेलें, अशी साक्ष एका तज्ज्ञानें स्वतः रचिलेल्या प्रणालीच्या आधारें दिली. आरोप देहान्तशिक्षेचा होता. पुढें त्यानें गणित पुन्हां तपासलें, तेव्हां प्रणाली चुकल्याचें दिसून आलें. तें पान एकदांच उघडलें होतें. 84 हा आंकडा दुसऱ्याच संकेतस्थळाचा होता. दुसऱ्या एका प्रणालीनें पूर्वींच 'एक' हें उत्तर दिलें होतें! ज्यूरीनें त्या मातेस खुनाच्या आरोपांतून मुक्त केलें. आपली चूक उघड सांगणारा तो तज्ज्ञ आम्हांस आदरणीय वाटतो.

आरंभींच संशय शिकविल्यानें विद्यार्थी पंगु होईल, असा आक्षेप येईल. शिवाय कायदा आहेच. 1 जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमान्वयें अशा पुराव्यासोबत हॅश-मूल्य नमूद केलेलें प्रमाणपत्र लागतें. परंतु हॅश जुळला म्हणजे नक्कल मुळाबरहुकूम आहे, इतकेंच ठरतें. तिचा लावलेला अर्थ बरोबर आहे, हें ठरत नाहीं. कळीवर बोट कोणाचें होतें, हें तर त्यांतून मुळींच कळत नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यास एकच नक्कल व दोन प्रणाली द्याव्या. उत्तरें जुळलीं नाहींत, तर मूळ नोंदी त्यास स्वतः मोजावयास लावावें. शेवटीं विचारावें, "यावरून काय सिद्ध होत नाहीं?" ज्यास हें सांगतां येत नाहीं, त्याच्या साक्षीवर कोणाचेंहि जीवित सोंपवूं नये.