कण्यातील बुरशी आणि अभावाचे प्रमाण

एखादी गोष्ट आढळली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे म्हणता येते का? मणक्यातील बुरशीसंसर्गाच्या निदानात हा जुना तात्त्विक प्रश्न रोज उभा राहतो. कुमारिल भट्टांच्या मीमांसा परंपरेने अनुपलब्धीला, म्हणजे न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानले, पण योग्यतेची अट घालून: ती गोष्ट असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर त्याचा अभाव कळतो. अंधारात न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

न शमणारी पाठदुखी, बारीक ताप आणि एमआरआयमध्ये पोखरलेला मणका दिसला की भारतात आधी क्षयाची शंका येते. ती रास्तही आहे, कारण तो रोग इथे पुष्कळ आढळतो. परंतु कँडिडा आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशीही असेच चित्र उभे करू शकतात. न्यायदर्शनाच्या परिभाषेत हा सव्यभिचार हेतू झाला: क्षय असताना आढळणारा आणि नसतानाही आढळणारा.

म्हणून सीटी स्कॅनच्या आधारे सुई घालून मणक्यातील ऊतीचा तुकडा काढतात. त्याचा एक भाग सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा कल्चरसाठी निर्जंतुक सलाइनमध्ये जायला हवा. सगळाच तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडला, तर त्यातील बुरशी मरते आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही. बुरशीची तपासणी मागितलीच नसेल, किंवा कल्चर पुरेसे आठवडे ठेवले नसेल, तर ‘बुरशी आढळली नाही’ हा शेरा अंधारातल्या घड्यासारखाच असतो.

संशय राहिला म्हणून दोन्ही रोगांची औषधे सरसकट एकत्र देण्याची पळवाटही बंद आहे. अ‍ॅस्परजिलसवर मुख्यतः व्होरिकोनॅझोल दिले जाते आणि क्षयावरचे रिफाम्पिसिन त्याचे रक्तातील प्रमाण फार खाली आणते. कँडिडासाठी फ्लुकोनॅझोल 6 ते 12 महिने घ्यावे लागते. अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचे आणखी एक औषध मूत्रपिंडाला इजा करू शकते. एवढे दीर्घ आणि जड उपचार केवळ अंदाजावर सोपवणे रुग्णावर अन्याय आहे.

तरीही प्रत्येक वेळी निश्चितीची वाट पाहता येत नाही. पाय लुळे पडू लागले, तर मज्जारज्जूवरील दाब काढण्याची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते. ऊतीचे नमुने त्याच वेळी घेता येतात. निश्चितीआधी कृती करणे अधर्म नव्हे. मात्र नमुना आधी घेणे, शंका कागदावर नोंदवणे आणि औषधाने गुण येत नसेल तर पुन्हा बायोप्सी करणे, ही त्या कृतीची नैतिक अट आहे.